छोट्या लॅपटॉपवर लिनक्स की ‘लाइट’ विंडोज?

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

विंडोज १० ची अपडेट्स मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. नोंदणी करणाऱ्याला वर्षभराची मुदतवाढ आहे म्हणा, पण ती किती जणांनी घेतली असेल? तेव्हापासून दुकानादुकानांत एक काम जोरात चाललंय. ११ इंची, २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेजचा लॅपटॉप आला की पेन ड्राइव्ह लावायचा आणि कुणीतरी काटछाट केलेलं ‘लाइट’ विंडोज ११ बसवून द्यायचं. वर ऑफिसही ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून. गिऱ्हाईक खूश, कारण स्टार्टचं बटण जागच्या जागी आहे.

माझं म्हणणं असं, की असल्या मशिनवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकावं, नाहीतर मशीन ठेवून द्यावं. काटछाट म्हणजे बहुतेक वेळा डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) काढलेला आणि अपडेट बंद. आयएसओ (सिस्टीम बसवायची फाइल) कुणी बनवली हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि त्याच मशिनवर माणूस बँकेचा पासवर्ड टाकतो! लिनक्सची फाइल मूळ साइटवरून उतरवायची, तिचा एसएचए-२५६ (फाइल अस्सल आहे का ते सांगणारा कोड) साइटवरच्याशी जुळवून बघायचा, रूफस नावाच्या सॉफ्टवेअरनं पेन ड्राइव्ह तयार करायचा आणि मशीन सुरू होताना बूट मेनूतून तो निवडायचा. अकरावीच्या पोराला जमेल असं काम आहे. हरकती येऊ द्या.

पेठेतला दुकानदार

हरकत आहेच साहेब. मी हेच काम करतो, त्यामुळं शिव्या मलाच आहेत असं धरून चालतो.

तुम्ही मशीन बघताय, मी माणूस बघतो. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवरचे दिवाणजी येतात, त्यांना हिशोबाची टॅली लागते. लग्नपत्रिका करणाऱ्याला मराठी टायपिंगची श्रीलिपी लागते. दोन्ही लिनक्ससाठी निघत नाहीत. ‘वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालतंय की’ म्हणणाऱ्यानं मार्चअखेरीला माझ्या काउंटरवर येऊन बसावं. लिनक्स टाकून दिलं की दुसऱ्या दिवशी मशीन परत, ‘आधी होतं तसं करून द्या’. ते काम फुकटात करावं लागतं, ते तुमच्या हिशोबात कुठं धरलंय? आणि लायसनचं म्हणाल तर हे मशीन विकून जेवढे येतील, त्यापेक्षा विंडोजचं लायसन महाग पडतं. सांगून बघा गिऱ्हाइकाला.

कृष्णाकाठ

२ जीबीवर टॅली, ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅप एकत्र चालवणारे दिवाणजी मला दाखवाच एकदा. विंडोज ११ ला कंपनीच ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) मागते. रूफस ती अट वगळून पेन ड्राइव्ह करून देतो हे खरं, पण त्यानं रॅम काय वाढत नाही.

बिटबहाद्दर

दोघांचंही भांडण बऱ्याच मशिनवर सुरूच होऊ शकत नाही. २०१४-१५ च्या आसपास अ‍ॅटम झेड ३७३५ एफ प्रोसेसरचे स्वस्त छोटे लॅपटॉप भरपूर विकले गेले. त्यांतल्या कित्येकांत गंमत अशी, की प्रोसेसर ६४ बिट पण यूईएफआय (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) ३२ बिट. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, म्हणून कितीही काटछाट करा, ते पेन ड्राइव्ह ओळखतच नाही. लिनक्सचंही तसंच. ज्या आयएसओत ‘बूटआयए३२’ नावाची फाइल आहे तीच सुरू होते. लोक चार वेळा पेन ड्राइव्ह फॉरमॅट करतात, नवा विकत आणतात, अन् दोष पेन ड्राइव्हचा नसतोच.

त्याहून जुने १० इंची, अ‍ॅटम एन २७० वाले, तर निव्वळ ३२ बिट. डेबियन या लिनक्सनं ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट मशिनसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. अँटिएक्ससारखी मोजकी लिनक्स अजून देतात. तरी ‘लिनक्स टाकलं की मशीन पळतं’ हे अर्धंच खरं आहे. सिस्टीम हलकी होते, यूट्यूबचं पान हलकं होत नाही. चार टॅब उघडा, कळेल.

मिरजेची डीटीपीवाली

श्रीलिपीचा विषय निघालाच आहे म्हणून. लिनक्सवर युनिकोड मराठी उत्तम चालतं, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड नुसता सेटिंगमधून निवडायचा. अडचण जुन्या फाइलींची आहे. दहा-पंधरा वर्षांच्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या. तो फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. गिऱ्हाईक मागच्या वर्षीचीच फाइल घेऊन येतं, ‘फक्त तारीख बदला’ म्हणून. मी लिनक्सवर जाणार नाही. पण दुकानदारदादा, तुमच्या लाइट विंडोजवरही जाणार नाही. हे माझ्या पोटापाण्याचं मशीन आहे.

जतचा मास्तर

मी लिनक्सच्या बाजूचा, तरी धागाकर्त्याशी सहमत नाही.

केरळात सरकारी शाळांतून लिनक्सच चालतं. ते पोरांना जमलं की नाही हा प्रश्नच राहिलेला नाही. पण तिथं मागं ‘काइट’ नावाची सरकारी संस्था उभी आहे, शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. आमच्याकडं एखादा हौशी गुरुजी देणगीतल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकतो, जीकॉम्प्रीस या खेळातून शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर पहिलीची पोरं बेरजा करायला लागतात, आणि मग गुरुजींची बदली होते. नवे गुरुजी येतात, पासवर्ड कुणाला माहीत नाही, मशीन कपाटात. दोष लिनक्सचा नाही, कबूल. पण ‘पोराला जमेल’ म्हणताना तुम्ही फक्त टाकायचा दिवस मोजता. पुढं दोन वर्षांनी वायफाय बंद पडलं तर फोन कुणाला लावायचा? लाइट विंडोजला निदान कोपऱ्यावर दुकान आहे.

कृष्णाकाठ

मास्तर, हा मुद्दा वजनाचा आहे. मग मी माझं म्हणणं आवरून घेतो. ज्याच्या घरात किंवा गल्लीत सांभाळणारं कुणी आहे, त्यानंच टाकावं. मात्र क्रॅक घातलेल्या विंडोजबद्दलचं मत तसूभरही हललेलं नाही. बिघाडाला दुकान आहे, पण खात्यातले पैसे गेले तर दुकानदार भरून देणार आहे का?

पेठेतला दुकानदार

नाही देणार. हे मात्र मान्य.

आता एक करता येईल. लिनक्स थेट पेन ड्राइव्हवरून, काही न पुसता चालवून दाखवता येतं. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का (बिटबहाद्दरनं सांगितलेल्या अ‍ॅटमवाल्यांत आवाजाचीच बोंब असते), झाकण मिटून उघडल्यावर जागं होतंय का, एवढं गिऱ्हाइकासमोर बघायचं. वायफाय नाही लागलं तर मोबाइल केबलनं जोडून नेट द्यायचं. फक्त बँक, मेल अन् सिनेमे पाहणारा असेल तर त्याला ते दाखवीन. टॅलीवाल्याला सरळ सांगीन, रॅम जास्त असलेलं दुसरं मशीन घ्या. पण दाखवायचा तास-दीड तास जातो, त्याचे पैसे घेणार. त्यावर ‘लिनक्स तर फुकट असतंय’ असं कुणी ऐकवायचं नाही.

बिटबहाद्दर

घ्या की, बिनधास्त घ्या. आणि मूळ विंडोजच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का ते आधी बघा. चालू असेल तर लिनक्ससाठी सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करताच ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, अन् ती गिऱ्हाइकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. त्याला त्या खात्याचा पासवर्ड आठवत नसतो. फोटो त्याआधी बाहेर काढा.

नवा सभासद, इस्लामपूर

मध्येच विचारतो. माझ्या १० इंचीवर इन्स्टॉलरचं ‘पुढे’ बटण पडद्याच्या खाली जातंय, दिसतच नाही.

बिटबहाद्दर

१०२४ बाय ६०० पडदा असणार. ऑल्ट दाबून धरा आणि माउसनं खिडकी वर ओढा.