आयर्लंडचा उन्हाळी अभ्यासदौरा: मुलीला पाठवावे का?

पाचपाखाडीकर (ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी ठाण्यातील एका महाविद्यालयात इतिहास हा मुख्य विषय घेऊन बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. तिच्या विभागातील दोन प्राध्यापिका मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत विद्यार्थ्यांचा गट घेऊन आयर्लंडला जाणार आहेत. अभ्यासाचा विषय ‘आयरिश संस्कृती आणि अस्मिता’ असा आहे. डब्लिन, गॉलवे आणि बेलफास्ट येथे मुक्काम, सकाळी तेथील विद्यापीठांत व्याख्याने, दुपारी स्थळभेटी आणि परतल्यावर प्रत्येकाने लिहायचा दीर्घ निबंध, अशी आखणी आम्हाला सांगण्यात आली आहे.

आमच्या घरातून शिक्षणासाठी परदेशी कोणी गेलेले नाही. या दौऱ्यासाठी मुदतठेव मोडावी लागेल आणि ती रक्कम पुढे एम. ए.साठी उपयोगी पडली असती, म्हणून निर्णय विचारपूर्वक घ्यायचा आहे. इतक्या थोड्या दिवसांत एखाद्या समाजाची अस्मिता अभ्यासता येते का, की अभ्यासाच्या नावाखाली पर्यटनच होते? इंग्लंड किंवा जर्मनी सोडून आयर्लंडच का? शिवाय बेलफास्टचे नाव आम्ही लहानपणापासून बॉम्बस्फोटांच्या बातम्यांत ऐकत आलो आहोत. मुलगी मात्र ठाम आहे. माहीतगारांनी कृपया सविस्तर लिहावे.

नेरुळचे निवृत्त अध्यापक यांचे उत्तर

आपला ‘आयर्लंडच का’ हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण महाराष्ट्रातील इतिहासाच्या विद्यार्थ्याला इंग्लंडपेक्षा आयर्लंडमध्ये अधिक सापडेल असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली. ‘होमरूल’ ही मागणी मूळची आयरिश राजकारणातली. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये बंडखोरांनी मुख्य टपाल कार्यालय ताब्यात घेऊन प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि पुढच्या महिन्यात त्यांच्यापैकी चौदा जणांना किल्मेनम तुरुंगाच्या आवारात गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतील जेम्स कॉनोली इतके जखमी होते की त्यांना खुर्चीला बांधून मारावे लागले. ज्या उठावाकडे डब्लिनच्या अनेक नागरिकांनी आरंभी रागाने पाहिले होते, त्याच्याविषयी या शिक्षांनंतर लोकमत कसे पालटले, हे त्या आवारात उभे राहून समजून घेणे आणि पुस्तकात वाचणे यांत फरक आहे. पुढे १९३७ च्या आयरिश राज्यघटनेतून आपल्या घटनाकारांनी राज्यधोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली, हे आपल्या मुलीने अभ्यासक्रमात वाचलेच असेल.

मात्र तिने दुष्काळाकडे विशेष लक्ष द्यावे असे मी सुचवीन. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली, तर जवळपास तितकीच देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत त्या बेटाची लोकसंख्या ८० लाखांहून अधिक होती आणि आजही ती त्या आकड्यापर्यंत पोहोचलेली नाही. पीक बुरशीने गेले हे खरे, परंतु त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरे बाहेर जातच होती, आणि बाजारात हस्तक्षेप करू नये या तत्त्वाला सरकारी मदतीपेक्षा वरचे स्थान मिळाले. लंडनच्या अर्थखात्यातून या मदतकार्याचे नियंत्रण करणारे चार्ल्स ट्रेव्हेलियन हे अधिकारी नंतर मद्रासचे गव्हर्नर आणि हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य झाले. १८७६ ते १८७८ च्या दख्खनच्या दुष्काळातही धान्याची निर्यात आणि मदतकार्यांवरील तुटपुंजी मजुरी हे प्रश्न उभे राहिलेच. सोलापूर-नगरच्या विद्यार्थ्याला हा धागा ओळखीचा वाटेल आणि त्यावर एक उत्तम निबंध होऊ शकेल.

मात्र आयरिश म्हणजे केवळ साम्राज्याचे बळी, असे चित्र घेऊन तिने परत येऊ नये. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर असलेले मायकेल ओडवायर टिपररीचे होते. त्याच पंजाबात १९२० साली, मायदेशी चाललेल्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून, जालंधरच्या छावणीत ब्रिटिश सैन्यातील कनॉट रेंजर्स या पलटणीच्या आयरिश सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली, बंड सोलनच्या छावणीतही पसरले आणि तेथील जेम्स डेली या तरुण सैनिकाला त्याबद्दल गोळ्या घातल्या गेल्या. एकाच समाजातून साम्राज्याचे अधिकारी आणि त्याचे बंडखोर दोन्ही निघाले. अस्मितेचा अभ्यास करायचा तर तो येथून सुरू व्हावा.

माजिवड्याची माजी विद्यार्थिनी यांचे उत्तर

मी गॉलवेमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे, त्यामुळे भाषेविषयी लिहिते, कारण माहितीपत्रकांत बहुधा याच भागाला कमी जागा मिळते.

आयरिश ही घटनेनुसार पहिली राजभाषा आहे आणि इंग्रजी दुसरी. रस्त्यांवरील पाट्यांवर आयरिश आहे, शाळांत ती शिकवली जाते आणि २००७ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदवले. परंतु शाळेबाहेर ती रोज बोलणारे ७२ हजारही भरले नाहीत. या दोन आकड्यांमधल्या अंतरात त्या देशाची भाषिक अस्मिता शोधावी लागते. डग्लस हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग स्थापन केली, हाइड पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, स्वतंत्र राज्याने भाषेला सर्व मानसन्मान दिला, आणि तरीही घराघरांतली भाषा इंग्रजीच राहिली. दुष्काळाने आणि स्थलांतराने पश्चिमेकडील आयरिशभाषक गावे ओस पडली होती आणि इंग्रजी आली तरच बोस्टनला किंवा लिव्हरपूलला काम मिळेल हे आईबापांना ठाऊक होते. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु आमच्या गृहसंकुलात किती मुले मराठी माध्यमात जातात हे पाहिले की मला गॉलवेचीच आठवण होते.

म्हणून आपण प्राध्यापिकांना एक गोष्ट अवश्य विचारा: गट गॉलवेहून कॉनेमाराच्या आयरिशभाषक भागात जाणार आहे का, आणि तेथे निदान दोन रात्री राहणार आहे का? बसमधून डोंगर पाहून परतण्यात काही हशील नाही. ज्या घरात आई मुलांना आयरिशमध्ये हाक मारते त्या घरात जेवल्याशिवाय वरच्या आकड्यांचा अर्थ कळत नाही.

जाण्यापूर्वीचीही एक तयारी सुचवते. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांना आपल्या आजीआजोबांकडून कथा, म्हणी, औषधी उपाय आणि गावच्या आठवणी लिहून आणण्यास सांगण्यात आले होते. ते सर्व साहित्य डब्लिनच्या विद्यापीठात जपले असून संगणकावर कोणालाही वाचता येते. आपल्या मुलीने एप्रिलमध्ये त्यांतली काही पाने वाचावीत आणि त्याच प्रश्नांची उत्तरे घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावीत. तिच्याजवळ स्वतःचे काही असेल तर तेथील लोक अधिक मोकळेपणाने बोलतील, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक. तेथील संगीत ऐकायचे तर बहुतेकदा पबमध्येच जावे लागते, त्याची पालकांनी धास्ती घेऊ नये. एका कोपऱ्यात फिडल आणि बासरी घेऊन लोक बसतात, आणि चहा मागवूनही तासन्‌तास ऐकता येते. हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचा एखादा सामनाही तिने पाहावा. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक क्रीडा संघटनेचे खेळाडू आजही हौशीच आहेत, आपल्या परगण्यासाठी मानधनाविना खेळतात, आणि मे-जूनमध्ये प्रांतिक स्पर्धा चालू असतात.

ऐरोलीकर यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली, तरी माझे मत वेगळे आहे. दुष्काळ, होमरूल, भाषा यांवर उत्तम ग्रंथ मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळतात. अस्मितेचा अभ्यास करायचा तर नवी मुंबईतील आगरी-कोळी गावांत जावे. तेथे जमिनी संपादित होऊन शहर उभे राहिले, १९८४ च्या आंदोलनात शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि आज त्यांच्या नातवंडांची बोली शाळेत ऐकू येत नाही. जे शिकण्यासाठी मुदतठेव मोडावी लागते ते वर्गातील बाकीच्या मुलांना मिळतच नाही, याचाही विचार महाविद्यालयाने करावयास हवा. निदान या दौऱ्याचे श्रेयांक (क्रेडिट) मुलीच्या पदवीत धरले जाणार का आणि ते शैक्षणिक श्रेयांक पेढीत नोंदवले जाणार का, याचे लेखी उत्तर मिळाल्याखेरीज पैसे भरू नका.

माजिवड्याची माजी विद्यार्थिनी

ऐरोलीकरांचा खर्चाविषयीचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि श्रेयांकांचे लेखी उत्तर घ्यावेच. परंतु आगरी गाव की कॉनेमारा, अशी निवड करण्याची गरज नाही. दिघोडे किंवा करावे गावात वाढलेल्या मुलीला कॉनेमारात जे प्रश्न सुचतील ते इतर कोणाला सुचणार नाहीत, आणि परतल्यावर तिला आपले गावही अधिक स्पष्ट दिसेल.

कोपरखैरणेकर यांचे उत्तर

बेलफास्ट आणि व्हिसा यांबद्दल लिहितो. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही. बेलफास्ट तर युनायटेड किंग्डममध्ये येते. डब्लिनहून बेलफास्टला जाताना सीमेवर चौकी लागत नाही, म्हणून अनेकांचा समज होतो की आयरिश व्हिसा पुरेसा आहे. तो कायद्याने पुरेसा नाही. भारतीय पासपोर्टधारकांसाठी २०१५ पासून ब्रिटन आणि आयर्लंड यांची संयुक्त योजना आहे. अल्पमुदतीच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ असा शेरा असेल तर त्याच व्हिसावर दोन्हीकडे जाता येते, मात्र व्हिसा देणाऱ्या देशात प्रथम प्रवेश करावा लागतो. गटाच्या व्हिसावर हा शेरा मिळेल याची खात्री प्राध्यापिकांनी अर्जापूर्वीच लेखी करून घ्यावी. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा फेब्रुवारीतच कागदपत्रे तयार ठेवा.

सुरक्षिततेविषयी: उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावे की आयर्लंडमध्ये जावे यावरून पेटलेला, साडेतीन हजारांहून अधिक बळी घेणारा संघर्ष १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने मुख्यतः थांबला. अजूनही फॉल्स रोडच्या कॅथलिक आणि शँकिल रोडच्या प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये उंच भिंती आहेत आणि त्यांतील काही दरवाजे रात्री बंद होतात, पण दिवसा तेथे अभ्यासकांचे गट नियमित फिरतात. दोन्ही बाजूंचे माजी कैदी आपापल्या वस्तीत मार्गदर्शक म्हणून काम करतात. एकाने भिंतीपर्यंत आणायचे आणि दुसऱ्याने तेथून पुढे न्यायचे, असे दौरे असतात. एकाच रस्त्याच्या दोन हकिकती ऐकण्याचा हा अनुभव मुलीने चुकवू नये. त्या कराराने उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या व्यक्तीला स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही मानण्याचा अधिकार दिला, आणि माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमाचा गाभा तेथे आहे. प्रोटेस्टंटांच्या १२ जुलैच्या मिरवणुकांच्या सुमारास तेथे तणाव वाढतो, परंतु आपला गट त्यापूर्वीच परतलेला असेल.

डब्लिनबाबत मात्र सावध राहण्यास सांगेन. २०२५ च्या उन्हाळ्यात तेथे भारतीयांवर हल्ले झाले आणि आपल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. रात्री निर्जन भागात एकट्याने फिरू नये, याचा नियम गटाला घालून द्यावा. मालवण तालुक्यातील वराडच्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, ज्या देशाचा पंतप्रधान झाला आणि जेथे आज पाचांतील एक रहिवासी परदेशात जन्मलेला आहे, त्याच देशात हेही घडते. व्याख्यानांत हा विषय आहे का, तेही विचारून पाहा.

पाचपाखाडीकर (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे मुलीसह वाचली आणि प्राध्यापिकांशी काल बोललो. श्रेयांकांचे पत्र मिळेल असे त्यांनी सांगितले आहे. बेलफास्टसाठी आखणीत एकच दिवस आहे आणि कॉनेमारा केवळ बसमधून दाखवणार आहेत. हे दोन्ही बदलण्याची विनंती अन्य पालकांसह शनिवारच्या बैठकीत करणार आहोत. व्हिसाच्या शेऱ्याची बाब त्यांनी लगेच टिपून घेतली. ऐरोलीकर, आपल्या सूचनेनुसार मुलीने करावे गावातील एका मैत्रिणीच्या आजीशी बोलण्याचे ठरवले आहे. दुष्काळावरील निबंधासाठी दख्खनच्या १८७६ च्या कागदपत्रांपैकी पुराभिलेखागारात काय पाहावे, हे नेरुळच्या सरांनी सांगितले तर फार मदत होईल.

नेरुळचे निवृत्त अध्यापक

१८८० चा दुष्काळ आयोगाचा अहवाल तिने आधी वाचावा आणि नंतर एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात महसूल खात्याच्या दुष्काळविषयक फायली मागवाव्यात. मदतकार्यांवरील मजुरीच्या नोंदींपासून सुरुवात करावी, म्हणजे आयर्लंडमधील १८४६-४७ च्या मदतकामांच्या नोंदींशी तुलना करता येईल. प्रवेशासाठी महाविद्यालयाचे शिफारसपत्र सोबत न्यावे.