मदत हवी आहे: जुन्या घरात एमव्हीएचआरचे डक्ट (हवेचे पाईप) खालच्या मजल्यावर कसे उतरवायचे?

कुंदकळी

इंग्लंडमधल्या लेस्टरमधलं आमचं घर 1930 च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड आहे, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक. तीन बेडरूम, साधारण 95 चौरस मीटर. सध्या वरच्या मजल्याच्या फळ्या उचकटलेल्या आहेत आणि वायरिंग नवीन होतंय, तेव्हा याच धामधुमीत एमव्हीएचआर बसवून घ्यायचं ठरवलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्वयंपाकघर, बाथरूम, संडास इथली दमट हवा एक यंत्र सतत ओढून बाहेर टाकतं आणि जाता जाता तिची ऊब बाहेरून येणाऱ्या ताज्या हवेला देतं. दोन्ही हवा मिसळत नाहीत. बाहेर 0 अंश, घरात 20 आणि यंत्र 85 टक्के कार्यक्षम असेल, तर खोलीत 17 अंशांची हवा येते. हिवाळ्यात रेडिएटरवर कपडे वाळवून नंतर भिंतीवरची काळी बुरशी घासलेल्यांना याहून जास्त कारण सांगायला नको.

हिशेब केलाय. इंग्लंडच्या बांधकाम नियमांच्या भाग एफप्रमाणे (हवा खेळती ठेवण्याचे नियम) तीन बेडरूमच्या घराला किमान 31 लिटर प्रति सेकंद ताजी हवा लागते. (क्षेत्रफळाला 0.3 ने गुणलं तर 28.5 येतात, जो आकडा मोठा तो धरायचा.) ओढायची हवा: स्वयंपाकघर 15, बाथरूम 10, खालचा संडास 6. सोडायची हवा: बैठकीची खोली 9, मोठ्या बेडरूम 8-8, छोटी 6. यंत्र लॉफ्टमध्ये (छपराखालच्या माळ्यावर), आणि मॅनिफोल्डपासून (हवा वाटणाऱ्या पेटीपासून) प्रत्येक खोलीला 75 मिमीचे वेगळे सेमी-रिजिड (अर्धवट कडक) पाईप.

वरचा मजला सोपा आहे, लॉफ्टमधून सरळ खाली. घोडं अडलंय तळमजल्यावर. मजल्याचे लाकडी वासे सात इंची आहेत आणि पाईप न्यायचेत त्या दिशेला आडवे. घर फिरलं की वासे फिरतात म्हणे, आमचे काही फिरत नाहीत. बिल्डर म्हणतो, "भोकं मारून नेऊ, काही होत नाही." मला ते पटत नाही. शिवाय लॉफ्टमध्ये तो चांदीच्या रंगाचा लवचीक पाईप टाकू म्हणतोय, स्वस्त पडतो म्हणून.

पॅसेजचं छत खाली घ्यायचं, की कपाटाच्या कोपऱ्यातून पाईप उतरवून त्यांना खोक्यात झाकायचं? आणि फोडणीचं काय? शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या हूडचा पाईप यालाच जोडता येतो का?

हवाबाण

बिल्डरला आधी भोकांपासून थांबवा. वाशाच्या उंचीच्या पाव भागापेक्षा मोठं भोक चालत नाही, तेही बरोबर मध्यरेषेवर, आणि आधारापासून गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) 0.25 ते 0.4 पट एवढ्याच पट्ट्यात. सात इंच म्हणजे साधारण 175 मिमी, त्याचा पाव 44. तुमचा पाईप 75. विषय संपला.

चांदीचा पाईपही नको. आतून घड्या असतात, जरा वाकवला की दबतो, हवा अडते, मग पंखा जोरात फिरवावा लागतो आणि रात्रभर घोंघावतो. शेवटच्या जोडणीला फूटभर वापरला तर ठीक.

75 च्या पाईपचा आतला व्यास साधारण 63 मिमी. त्यातून 15 लिटर नेलं तर वेग पावणेपाच मीटर प्रति सेकंद होतो, शिट्टीच वाजेल. स्वयंपाकघराला दोन पाईप द्या, बाथरूमलाही दोन. बैठकीच्या खोलीलाही दोनच.

सातासमुद्रापार

छत खाली घेऊ नका, जुन्या घरात उंची हीच श्रीमंती. तुमच्याकडे एअरिंग कपाट आहे का, पूर्वी गरम पाण्याची टाकी असायची ते? कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय पाणी तापवणारा) आल्यावर टाकी गेली असेल तर तो कोपरा मोकळा असतो आणि बहुतेक वेळा खाली स्वयंपाकघरच असतं. दोन वाशांच्या मधून दोन पाईप तिथून सरळ उतरतात, एकही वासा न कापता.

मी तर म्हणेन यंत्रच त्या कपाटात ठेवा. लॉफ्टमध्ये कंडेन्सेटचा (यंत्रात दमट हवेतून जमणाऱ्या पाण्याचा) पाईप गोठू शकतो, त्याला उतार आणि ट्रॅप देऊन तो गुंडाळावा लागतो. फक्त मग बाहेरून येणारे-जाणारे दोन मोठे पाईप घरातून जातील. ते थंड असतात, त्यांना हवाबंद आवरणाचं इन्सुलेशन हवंच, नाहीतर बाहेरून घाम सुटून कपाटात पाणी ठिबकेल.

हूड अजिबात जोडू नका! तेलकट वाफ उष्णता विनिमयकात (यंत्रात ऊब एका हवेकडून दुसरीला देणाऱ्या भागात) गेली की तो कायमचा चिकट. हूडचा स्वतंत्र पाईप भिंतीतून बाहेर काढा, उलट वारा येऊ न देणारी झडप लावून. लसणीच्या फोडणीला रीसर्क्युलेटिंग (हवा गाळून घरातच सोडणारा) हूड पुरत नाही, हे तिखट खाणाऱ्यांनीच सांगावं.

कुंदकळी

कपाट आहे! मागच्या बाजूला, बरोबर स्वयंपाकघरावर, आणि खालचा संडास त्याला लागूनच आहे. म्हणजे ओढायचे तीन पाईप मार्गी लागले. यंत्र तिथे बसतं का ते मोजून बघते. उरली बैठकीची खोली, ती पुढच्या बाजूला. तिथे बंद पडलेलं धुराडं आहे, त्यातून पाईप सोडता येतील?

हवाबाण

येतील, पण फक्त आत सोडायच्या हवेचे. ओढलेली हवा दमट असते, थंड धुराड्यात तिच्यातल्या वाफेचं पाईपच्या आतच पाणी होईल. आत येणारी हिवाळ्यात कोरडी असते. ऊब टिकवायला 25 मिमी इन्सुलेशन गुंडाळा. तसे दोन पाईप नऊ इंची चौकोनात तिरपे जेमतेम बसतात. आधी धुराडं साफ करून घ्या आणि वरून दोरीला वजन बांधून सोडून बघा: बेडरूमच्या जुन्या शेगडीला वळसा घालताना मध्ये बाक असतो, तिथेच अडकतं. शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीत काही फोडायची वेळ आली तर 1996 च्या पार्टी वॉल कायद्याची नोटीस लागेल, ते विसरू नका.

गच्चीवरचा

पुण्यात बसून वाचतोय. आमच्याकडे खिडकी उघडली की झालं. :) पण एक शंका: जुन्या घराच्या फटींतून एवढी हवा शिरत असेल तर या यंत्राचा उपयोग काय?

सातासमुद्रापार

शंका रास्त आहे. अशा घरांत गळतीच्या चाचणीत, 50 पास्कल दाबाला, घराच्या बाह्य आवरणाच्या प्रति चौरस मीटर तासाला 10 घनमीटरच्या आसपास गळती सहज असते. माझ्या मते ती 3 च्या खाली आणल्याशिवाय उष्णतेची बचत फारशी दिसत नाही, बुरशी मात्र तरीही जाते. कुंदकळी, फळ्या उघड्या आहेत तोवर वाशांची टोकं भिंतीत जातात तिथे हवाबंद टेप लावून घ्या. आणि प्रत्येक दाराखाली 10 मिमी फट ठेवायला सुताराला आत्ताच सांगा, नाहीतर बेडरूममधली हवा बाथरूमपर्यंत पोचणार कशी?