धाब्याचे घर पाडताना निघालेले सामान : ठेवावे काय, मोडीत द्यावे काय?

प्रश्न (अमळनेर)
आमच्या गल्लीतील एक जुने धाब्याचे घर पाडणे चालू आहे. मालक पुण्याला असतात; "हवे ते घेऊन जा," असे त्यांनी फोनवर सांगितले. मातीच्या ढिगातून मी चार तुळया, कडी-कोयंड्यासह एक दार, तांब्याचा बंब आणि काळेठिक्कर पडलेले एक घंगाळ बाजूला काढले आहे. भंगारवाला सगळे वजनावर मागतो. यांतील वापरण्याजोगे काय, हे कसे ओळखावे?

उत्तर (भुसावळ)
पाडकामाच्या ठेक्यात पुष्कळदा लाकूड ठेकेदाराचे धरलेले असते, तेव्हा मालकांचा होकार असला तरी त्यालाही आधी विचारून घ्यावे. तुळईची टोके भिंतीत असतात आणि ओल तेथेच धरते, म्हणून हातोडीने टोकाकडून मध्याकडे ठोकत जावे. जेथपर्यंत आवाज बद्द येतो, तेवढा भाग कापून टाकावा. मग एका कोपऱ्यावर रंधा मारून पाहावे. धुराने काळवंडलेल्या पापुद्र्याखाली सोनेरी-तपकिरी रंग दिसला आणि सागाचा तो तेलकट वास आला, तर अशी तुळई जळणाच्या भावात देणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. कापायला नेण्यापूर्वी मात्र खिळा न् खिळा उपटावा, कारण लाकडात बुजलेल्या एका खिळ्यानेही करवतीचे पाते जाते आणि त्याचे पैसे आपल्याकडूनच वसूल होतात. (माझ्याकडून झाले आहेत.)

उत्तर (धुळे)
बंबात रात्रभर पाणी भरून ठेवावे. झिरपला तरी झाळ देऊन तो दुरुस्त होतो. मोडीतच द्यायचा असेल, तर आतली लोखंडी जाळी स्वतः काढून वेगळी द्यावी. नाहीतर तिच्यापोटी अंदाजाने वजन कापले जाते आणि तो अंदाज आपल्या बाजूचा कधीच नसतो. घंगाळाचा तळ चिंच-मिठाने घासावा : लालसर निघाला तर तांबे, पिवळा निघाला तर पितळ, म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे चुंबक चिकटला तर वर नुसता मुलामा आहे असे समजावे. भिंतीतून विजेच्या तारा निघाल्या असतील, तर त्या जाळू नयेत. वरच्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो, शिवाय जळक्या तांब्याला भावही कमी मिळतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. ठेकेदाराने तीन तुळया नेल्या, कारण लाकूड खरोखरच त्याच्या ठेक्यात होते. एक तुळई आणि दार त्याने मला दिले. घंगाळ पितळी निघाले. घासता घासता काठावर कोरलेली अक्षरे उमटली, म्हणून मालकांना फोटो पाठविला. ते त्यांच्या आजीचे नाव आहे. घंगाळ न्यायला ते येत्या रविवारी स्वतः येत आहेत.