शॅनन निर्देशांक (प्रजातींच्या विविधतेचं माप) एक्सेलमध्ये एक, आर सॉफ्टवेअरमध्ये दुसराच येतोय, मदत हवी आहे

रानवाट: प्रबंध जमा करायची वेळ आलीय आणि मी इथेच अडकलेय. चराईचा भाग आणि कुंपणातला भाग, दोन्हीकडच्या वनस्पतींचा डेटा आहे. चराईच्या भागाचा शॅनन एक्सेलमध्ये ०.९१ येतो, आरमध्ये २.१. डेटा तोच! खरा कुठला? प्लीज लवकर सांगा.

आकडेमोड: रोपं मोजलीत की आच्छादनाची टक्केवारी घेतलीत? क्वाड्रॅट (मोजणीचे आखलेले चौकोन) किती, केवढे? एक्सेलमध्ये सूत्र काय टाकलंय?

जुना_निरीक्षक: शॅननचा नाद सोडा, विविधतेचा दुसरा निर्देशांक, सिम्पसन, काढा. दुर्मिळ प्रजाती एखाद-दुसरी नजरेतून सुटली तरी तो फारसा हलत नाही. पक्ष्यांसाठी मी कायम तोच वापरतो.

आकडेमोड: त्यांनी ते विचारलेलंच नाही. आणि कुंपणामुळे दुर्मिळ प्रजाती टिकल्या का हेच बघायचं असेल, तर सिम्पसनमध्ये त्यांना जवळपास वजनच नाही.

पानफूल: गवतं ओळखताना फुलोरा नसेल तर पातं आणि आवरण जुळतं तिथली जिभली भिंगातून बघा. काहींत पातळ पापुद्रा असतो, काहींत नुसती केसांची झालर. खूप उपयोग होतो.

रानवाट: ओळख झालीय हो सगळी! रोपं मोजलीत. क्वाड्रॅट १ चौरस मीटरचे, चराईत ३०, कुंपणात १८. सूत्र नेहमीचंच: पी (एकूण रोपांत त्या प्रजातीचा वाटा) गुणिले लॉग पी, बेरीज, पुढे वजा.

आकडेमोड: इथेच आहे गोम. एक्सेलचं लॉग पाया दिला नाही तर १० धरतं; आरमधलं व्हेगन पॅकेज नैसर्गिक लॉग घेतं. ०.९१ ला २.३०३ ने गुणा, २.१ येईल. म्हणजे चूक कुठलाच नाही. एक्सेलमध्ये एलएन (नैसर्गिक लॉग) वापरा आणि प्रबंधात पाया लिहा. पण ३० विरुद्ध १८ हे जास्त अवघड दुखणं आहे. जास्त जागा पाहिली की प्रजाती जास्त सापडणारच. रेअरफॅक्शन करा, म्हणजे दोन्हीकडचा नमुना सारख्याच आकाराचा धरून किती प्रजाती अपेक्षित ते काढा.

जुना_निरीक्षक: त्याआधी सांगा, कुंपण एकच आहे का? मग ते १८ क्वाड्रॅट म्हणजे प्रयोगाच्या १८ स्वतंत्र पुनरावृत्ती नव्हेत, एकाच कुंपणातले नमुने आहेत. परिसंस्था-अभ्यासक हर्लबर्टने १९८४ मध्येच यावर लिहून ठेवलंय, तरी अजून सर्रास चालतं.

रानवाट: एकच आहे. गाइडनी तर टी-टेस्ट (दोन सरासरींतल्या फरकाची चाचणी) करायला सांगितलीय!!

जुना_निरीक्षक: करा, पण 'चराईमुळे' असा निष्कर्ष काढू नका. 'या दोन भागांत फरक आढळला' एवढंच म्हणता येईल. माती किंवा उतारही वेगळा असू शकतो.

आकडेमोड: इथे मात्र तुमच्याशी सहमत.

रानवाट: एलएनने २.१ आलं, आभार! रेअरफॅक्शनला एकक रोप घ्यायचं की क्वाड्रॅट?

आकडेमोड: क्वाड्रॅट. गवतं झुबक्याने वाढतात. सुटी रोपं धरलीत तर अपेक्षित प्रजातींचा आकडा फुगतो. चराईचा भाग १८ क्वाड्रॅटवर आणा आणि तिथे तुलना करा.