पोट मोजायच्या आधी टायटर मोजा!

सुईदोरा (आरोग्यसेविका, यवतमाळ जिल्हा)

गेल्या महिन्यात उपकेंद्रात एका गरोदर बाईचं रक्त काढताना सुई माझ्याच अंगठ्यात गेली. तिची हिपॅटायटिस-बी (कावीळ-ब) आणि एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आली, तेव्हा कुठं रात्री डोळा लागला. पण त्या निमित्तानं माझंही रक्त गेलं. अँटी-एचबीएस, म्हणजे कावीळ-बच्या लसीनं रक्तात तयार होणाऱ्या अँटिबॉडीचं प्रमाण (टायटर), आलं ६. किमान १० हवं. माझे तिन्ही डोस २०११ मध्ये झाले होते. पहिला, मग महिन्यानं, मग सहाव्या महिन्यात, एकही चुकवला नाही. पुढं टायटर कुणी पाहिलं नाही, आणि खरं सांगते, मीही मागितलं नाही.

रिपोर्ट घेऊन वरच्या साहेबांकडे गेले. साहेबांनी कागदाआधी मला न्याहाळलं. म्हणाले, "सिस्टर, पोट कमी करा, लस आपोआप लागेल." टेबलाभोवतीचे सगळे हसले. वजन ८४, वय ४६, लपवण्यासारखं काही नाही. पाच गावं फिरते, घरोघरी बायका चहा देतात आणि साखर प्रेमानं जरा जास्तच घालतात.

आता माझं म्हणणं. १९ वर्षं मी लोकांच्या दंडात सुया टोचते आहे. दंड चिमटीत धरला की चरबीचा थर किती ते बोटांना कळतं. लस स्नायूत जायला हवी. चरबीत रक्तपुरवठा कमी, तिथं ती पडून राहते. १९८५ मध्ये अमेरिकेत रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस-बीची लस देऊन अँटिबॉडी मोजल्या, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. जाड माणसांत प्रतिसाद कमी, आणि दंडाऐवजी कुल्ह्यात टोचलेल्यांतही कमी. म्हणून तर पुढं सगळीकडे दंडात टोचायचं ठरलं. २०१० मध्ये लठ्ठ मुलामुलींना एक इंची आणि दीड इंची अशा दोन सुयांनी हीच लस दिली. एक इंचीवाल्यांचं मधलं टायटर १८९.८, दीड इंचीवाल्यांचं ३४५.४. मग दोष पोटाचा की सुईचा? आमच्याकडे सगळ्यांना एकच, एक इंची. दीड इंची सुई उपकेंद्रात मी आजवर पाहिलेली नाही.

वर्धाकाठ (डॉक्टर, ग्रामीण रुग्णालय)

साहेब बोलले ते चुकीचंच, चारचौघांत तर अजिबात नको होतं. पण ताई, रागाच्या भरात तुम्ही सगळं सुईवर ढकललंत, तेही बरोबर नाही.

पहिली गोष्ट, तुम्ही सांगितलेला सुयांचा प्रयोग जेमतेम २४ मुलांवरचा. दिशा दाखवतो, पण त्यावर निकाल लावता येत नाही. दुसरी, सुईच्या लांबीचे नियम वजनावर आहेत. बायकांमध्ये ९० किलोच्या वर दीड इंची, ७० ते ९० मध्ये एक ते दीड. म्हणजे तुमच्या ८४ ला एक इंची अगदीच चूक नाही.

तिसरी महत्त्वाची. चरबी म्हणजे पोत्यात भरून ठेवलेलं धान्य नव्हे. ती सतत रसायनं सोडते, शरीरात मंद आच पेटलेली ठेवते आणि त्या धुरात अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी सुस्तावतात. त्यात सुईची लांबी काय करणार? फ्लूच्या लसीचं पाहा. २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात लस घेतलेल्या लठ्ठ लोकांपैकी ९.८ टक्क्यांना फ्लू किंवा फ्लूसारखा आजार झाला, नेहमीच्या वजनाच्यांपैकी ५.१ टक्क्यांना. गंमत म्हणजे दोन्हीकडे अँटिबॉडी सारख्याच होत्या. कोविडचंही तेच. अतिलठ्ठ लोकांत दुसऱ्या डोसानंतर सहा महिन्यांनी ५५ टक्क्यांकडे विषाणू रोखणारी ताकद मोजण्याइतकी उरली नव्हती. नेहमीच्या वजनाच्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. ब्रिटनमधला अभ्यास, २०२३ चा. त्या सगळ्यांच्या सुया आखूड होत्या असं म्हणायचं का?

तर्रीवाला (एमपीडब्ल्यू म्हणजे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी, अमरावती)

डॉक्टरसाहेब, परदेशी आकडे भारी आहेत, पण आपल्याकडचे पण सांगा की. २०२१ मध्ये देशभरातल्या ५१५ आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अँटिबॉडी मोजल्या होत्या, कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिनच्या दोन डोसांनंतर. ९५ टक्क्यांत अँटिबॉडी सापडल्या. साठीच्या वरच्यांत आणि मधुमेहींमध्ये प्रमाण घसरलं, पण बीएमआयनं फरक पडला नाही! मग साहेबांनी सिस्टरची साखर विचारायची, पोट कायले पाहिलं?

आणि आमच्या साहेबांच्या गालात दिवसभर खर्रा असतो. तंबाखूचं टायटर कोण काढणार?

वर्धाकाठ

बीएमआयनं फरक पडला नाही, बरोबर. पण बीएमआय मोजतो काय? वजन आणि उंची. चरबी किती, स्नायू किती, हे त्याला ठाऊक नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२! आपली माणसं दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. म्हणूनच आपल्यासाठी कंबरेची मर्यादा बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०. इटलीत ८६ आरोग्य कर्मचाऱ्यांवर कोविड लसीचा अभ्यास झाला, त्यात कंबरेचा घेर जास्त असलेल्यांचं, धूम्रपान करणाऱ्यांचं आणि रक्तदाब असलेल्यांचं टायटर कमी आलं. घेर, बरं का. नुसतं वजन नव्हे. खर्रा त्यात नव्हता, तुमच्या साहेबांचं नशीब.

तर्रीवाला

मग आता सगळ्यांना चरबी मोजायच्या मशिनवर उभं करायचं का? आमच्याकडे शिबिरात आणली होती, मे महिन्यात, ४५ डिग्रीत. अनवाणी उभं राहायचं, मशीन पायांतून बारीकसा करंट सोडते आणि अंगातल्या पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधते. सकाळपासून गावं फिरून घशाला कोरड पडलेली माणसं तिच्यावर चढली. अंगात पाणी कमी म्हटल्यावर चरबी जास्त दाखवणारच. आमचा एक वाळका गडी, कपाशीच्या पऱ्हाटीसारखा, त्याला मशिननं लठ्ठ ठरवला. दिवसभर त्याला सगळे 'शेठ' म्हणत होते.

सूक्ष्मदर्शी (प्रयोगशाळा तंत्रज्ञ)

सगळे चरबीवर भांडताय, पण एक साधी गोष्ट कुणी विचारली नाही. सुईदोरा ताई, २०११ मध्ये तुमचं वजन किती होतं?

सुईदोरा

...६४.

सूक्ष्मदर्शी

मग झालं. लस टोचली तेव्हा तुम्ही ६४ किलोच्या होता. त्या वजनाला एक इंची सुई पुरेशी. म्हणजे सुईवर खापर फोडता येत नाही, आणि आजच्या पोटावर तर नाहीच. आजची चरबी १३-१४ वर्षांपूर्वीच्या डोसाचं काय बिघडवणार?

टायटर पाहायची वेळ असते शेवटच्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांत. तेव्हा १० च्या वर आलं की माणूस 'लागू' झाला. पुढं वर्षांनुवर्षं ते उतरत जातं आणि ६ वर येणंही नवल नाही. त्याचा अर्थ संरक्षण गेलं असा नव्हे. आठवण ठेवणाऱ्या पेशी असतात, आणि या विषाणूला अंगात जम बसवायला महिने लागतात, तेवढ्यात त्या जाग्या होतात. पण २०११ मध्ये कुणी मोजलंच नाही, त्यामुळे तुम्ही लागू होऊन उतरलात की मुळात लागूच झाला नव्हता, हे आज सांगता येत नाही. हा घोळ ना पोटाचा, ना सुईचा. न केलेल्या तपासणीचा आहे.

आता एक डोस घ्या. एक ते दोन महिन्यांनी पुन्हा टायटर. उसळी मारली तर प्रश्न मिटला. नाही मारली तर राहिलेले दोन घेऊन परत बघायचं.

वर्धाकाठ

हे मान्य. वजन विचारायला हवं होतं, माझ्याकडूनही राहिलं. फक्त एक जोडतो. नवा डोस मात्र आजच्या ८४ किलोत जाणार आहे आणि वय चाळिशीपलीकडचं. तेव्हा या डोसाला दीड इंची सुई मागाच. सुईबद्दलची तुमची सुरुवातीची तक्रार २०११ साठी चुकीची होती, या वेळेसाठी नाही.

पळसफूल (आशा, दिग्रस तालुका)

तुमी सगळे लठ्ठपणावर बोलून रायले. माहं वजन ३९ किलो. सकाळी चहा-पोळी, दुपारी भाकर आन् मिरचीचा ठेचा, डाळ असली त असली. सोयाबीन काढणीच्या दिवसात त तेही उभ्याउभ्यानं. आमच्यासारख्याले लस लागते का नाई, हे कोनी मोजलं का? माणूस वाळला तरी ताकद जाते, हे आमची आजी पन सांगे.

आन् मले त कावीळ-बचा एकबी डोस नाई भेटला. बाळंतपणाले बाईसोबत मीच जाते, रक्तानं भरलेले कपडे मीच उचलते. विचारलं त म्हणे, लस स्टाफसाठी आहे, तुमी मानधनावर. आता विषाणूले कसं समजते बाप्पा, कोन पगारावर आहे आन् कोन मानधनावर?

सूक्ष्मदर्शी

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यांत वरचा आहे. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर हिपॅटायटिस-बी होण्याचा धोका ६ ते ३० टक्के. एचआयव्हीचा ०.३ टक्के. तरी घाबरतो आपण एचआयव्हीलाच. वाळलेल्या शरीराबद्दल, स्नायू आणि प्रथिनं कमी असली की रोगप्रतिकारशक्ती मंदावते हे खरंच. पण ते कारण धरून कुणी लस टाळू नये.

वर्धाकाठ

आशांना लस नाकारली असेल तर ते चूक आहे. रक्ताशी संबंध येतो तो प्रत्येकजण यात येतो, मानधन असो की पगार. लेखी अर्ज करा, पोच घ्या. तोंडी विचारलेलं विसरलं जातं.

तर्रीवाला

पोच! डॉक्टरसाहेब, तुमी कोणत्या जिल्ह्यात राहता?

सुईदोरा

मंगळवारी डोस घेतला. उपकेंद्राच्या फ्रिजमधली लस बाळांसाठी, तिला हात लावला नाही. यवतमाळातून मोठ्यांची एक मिलिची आणली, बर्फाच्या डब्यात, बसमधे मांडीवर धरून. दीड इंची सुई चौथ्या मेडिकलात मिळाली. टोचून घेतली आमच्याच सीएचओकडून (समुदाय आरोग्य अधिकारी), दंड मीच धरून दाखवला. पाच आठवड्यांनी रक्त देईन. आकडा काय येईल तो इथं टाकेन, ६ चा ६ आला तरी.

साहेबांना रिपोर्टसोबत २०११ चं लसीकरण कार्ड आणि तेव्हाच्या वैद्यकीय तपासणीचा कागद जोडून दिलाय. त्यावर वजन लिहिलेलं आहे. काही बोलले नाहीत.

चहातली साखर मात्र कमी करायला सांगितली आहे घरोघरी. ते साहेबांसाठी नाही, माझी उपाशीपोटीची साखर १०८ आली म्हणून.

पळसफूल

ताई, एका डोसाले किती पैसे लागले?