मदत हवी आहे: व्हिएतनाममधून लाओसला लोकल बसने, सोबत गाडी लागणारी आई

नमस्कार मंडळी,

दिवाळी आटोपली की आई-बाबांना घेऊन व्हिएतनाम-लाओसला जायचं घाटतंय. हनोईपर्यंत विमान, तिथून दिएन बिएन फू, आणि मग ताय त्रांगच्या नाक्यावरून डोंगर ओलांडून लाओसमधल्या मुआंग खुआला. हा शेवटचा टप्पा लोकल बसने करायचाय आणि सगळं घोडं तिथेच अडलंय.

बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. पोलादपूर-महाबळेश्वर, म्हणजे आंबेनळीचा घाट, त्यांनी इतकी वर्षं केलाय की टीव्हीवर घाट दिसला तरी त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधतो. मी त्यांना हनोईहून लाओसमधल्या लुआंग प्रबांगच्या विमानाची वेळ दाखवली तर म्हणाले, "वरनं काय दिसणार, कापूस?" दुसरीकडे आई. ड्रायव्हरची बायको असून तिला गाडी लागते. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना बाबांच्याच गाडीत कशेडीला उलटी झाली, हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक कार्यात एकदा होतोच.

बाबा ६६, आई ६१. दोघं तसे ठणठणीत आहेत, फक्त बाबांचा एक गुडघा कुरकुरतो. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

हा रस्ता कुणी केलाय का? बस केवढी असते, किती वेळ लागतो, वाटेत थांबते का? लाओसचा व्हिसा नाक्यावर मिळतो की आधीच काढावा? आणि खरा प्रश्न म्हणजे आईला न्यावं का? ती स्वतः "मी येते, गोळी घेईन" एवढंच म्हणते आणि विषय बदलते.

मधलीसुट्टी:
विमानाने जा. हौस बाबांची आणि हाल आईचे, हे काही पटत नाही.

घाटवाट:
ताई, आम्ही दोघं केलाय हा रस्ता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली चूक टाळा: हनोईहून थेट लाओसला जाणाऱ्या बसच्या वाटेला जाऊ नका. लाओसची राजधानी व्हिएन्तियानची बस २४ तासांच्या आसपास घेते आणि मध्यरात्री कुठेतरी सीमेपाशी उभी राहून नाका उघडायची वाट बघते. तुमचा टप्प्याटप्प्याचा बेत बरोबर आहे.

हनोई ते दिएन बिएन फू रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे, रात्रभराची स्लीपर बस. दारातच चपला काढून पिशवीत घालायच्या, पिशवी हातात, आणि आपण अनवाणी आत. बर्थ अरुंद असतात, पाय खोक्यासारख्या कप्प्यात घालावे लागतात. बाबांच्या गुडघ्याला वरचा बर्थ झेपणार नाही, खालचाच मागा. खरं सांगू का, हा टप्पा तुम्ही विमानाने करा. दिएन बिएन फूला विमानतळ आहे. आईची सगळी ताकद सीमेच्या दिवसासाठी राखून ठेवा.

मुआंग खुआची बस आम्ही गेलो तेव्हा पहाटे साडेपाचला सुटली आणि दुपारी बाराच्या पुढे पोचली. आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन तिकीट काढा आणि वेळ तेव्हाच पक्की करा, इंटरनेटवरच्या वेळेवर विसंबू नका. बस म्हणजे वीस-पंचवीस जणांची मिनीबस. माणसं कमी, सामान जास्त. आमच्या वेळी मधल्या वाटेत तांदळाची पोती आडवी घातली होती आणि त्यावर लोक बसले होते. माझ्या पायाशी एका बाईंची वेताची टोपली. तासभर मला वाटत होतं आत भाजी आहे. पहिल्या मोठ्या वळणाला टोपली ओरडली, तेव्हा कळलं कोंबडी आहे.

ताय त्रांगचा नाका दिएन बिएन फूपासून साधारण ३५ किलोमीटर. तिथे सगळ्यांनी उतरायचं, व्हिएतनामचा शिक्का घ्यायचा, परत बसायचं. मग मधे काही किलोमीटर नुसता डोंगर, आणि पुढे पांग होकला लाओसची चौकी. स्थानिक लोकांचं काम दोन मिनिटांत होतं, आपल्याला फॉर्म, फोटो, पैसे असा वेळ लागतो. ड्रायव्हर थांबतो, पण त्याला आधी खुणेने सांगून ठेवा आणि मोठं सामान गाडीतच राहू द्या. आमच्या ड्रायव्हरने तेवढ्यात दोन सिगरेटी ओढल्या आणि एका चाकाचे नट आवळून घेतले.

व्हिसा आम्ही तिथेच काढला, साधारण ४० डॉलर. लाओसचा ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो, त्या यादीत हा नाका आम्हाला दिसला नव्हता. निघण्याआधी यादी पुन्हा बघा. फोटो जवळ ठेवा. नोटा कोऱ्या हव्यात. दुसऱ्याच एका देशाच्या सीमेवर माझी दहाची नोट कोपरा फाटलाय म्हणून परत आली होती आणि बायकोने ब्लाउजच्या पिशवीतून काढलेल्या नोटेवर आमची सुटका झाली. एक-दोन डॉलरच्या सुट्या नोटाही ठेवा, किरकोळ शुल्कं निघतात. उरलेले डाँग व्हिएतनाममध्येच संपवा, पुढे ते कुणी घेत नाही.

व्हिएतनामचा ई-व्हिसा भरताना बाहेर पडायचं ठिकाण विचारतात, तिथे ताय त्रांग निवडा. विमानतळ टाकून मोकळ्या होऊ नका.

आता आईंचं. गोळी डॉक्टरांना विचारून, आणि गाडी सुटायच्या आधी तासभर. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, ती गोळीच बाहेर येते. पुढची सीट मिळवा. ते आदल्या दिवशी तिकीट काढताना साधतं, नाहीतर पहाटे पाचला जाऊन. उपाशी बसवू नका. आणि लाज वाटायचं कारण नाही. त्या बसमध्ये निम्म्या बायका पिशवी हातात धरूनच बसतात, ड्रायव्हरकडे पिशव्यांचा गठ्ठाच असतो. माझ्या बायकोला दोनदा झालं. शेजारच्या म्हातारीने काही न बोलता संत्र्याची साल तिच्या नाकाशी धरली.

मधलीसुट्टी:
वरचं वाचून माझं मत अजून पक्कं झालं. ;)

खमंग_ढोकळा:
खाण्याचं: व्हिएतनाममध्ये "आन चाय" म्हणा, म्हणजे शाकाहारी खाते. "कोम चाय" अशी पाटी दिसली की निर्धास्त आत जा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास बरेच बौद्ध लोक चाय पाळतात, आपल्या एकादशीसारखं, तेव्हा जास्त ठिकाणी मिळतं. धोका फक्त माशाच्या सॉसचा, तो भाजीतही असतो. लाओसमध्ये तसाच आंबवलेल्या माशाचा पादेक. चिकट भात मात्र सगळीकडे, वेताच्या छोट्या डब्यात येतो, हाताने गोळा करून खायचा. आईंना शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बांधून द्या, प्रश्नच मिटला.

जुनी_पत्रिका:
अवांतर, पण बाबांसाठी. दिएन बिएन फूला एक पूर्ण दिवस ठेवा. १९५४ साली मार्च ते मे फ्रेंचांना इथे व्हिएतनामींचा वेढा पडला आणि ७ मे रोजी त्यांनी हात वर केले. ए-वन टेकडी, खाली सुरुंग लावून उडवलेला तो भला मोठा खड्डा, फ्रेंच सेनापती दे कास्त्रींचा बंकर, सगळं चालण्याच्या अंतरात आहे. म्युझियममध्ये सायकली बघाच. हँडलला बांबू बांधून, दांड्याला पोती लटकवून, एकेका सायकलवर दोनशे किलोच्या वर माल डोंगरातून ढकलत आणला होता. ड्रायव्हर माणूस तिथून लवकर हलणार नाही.

शिवाय त्याच वर्षीच्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियात जे आंतरराष्ट्रीय आयोग नेमले, त्यांचं अध्यक्षपद भारताकडे होतं. आपले सैनिक तिथे होते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. @घाटवाट, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचला. नट आवळण्याच्या वाक्याला बाबांनी थांबवून पुन्हा वाचायला लावलं. "कुठल्या चाकाचे?" असं विचारलंय, शक्य असेल तर सांगा.

@मधलीसुट्टी, आईलाच दाखवलं तुमचं. ती म्हणाली, "यांना सांग, सदतीस वर्षं मी घरात बसून यांच्या गाडीची वाट बघितली. एकदा गाडीत बसून बघते."

अजून एक: मुआंग खुआहून लुआंग प्रबांगला कसं जावं? नाम ऊ नदीतून बोट असते असं वाचलं होतं.

घाटवाट:
मागचं डावं.

बोटीच्या भरवशावर राहू नका. नाम ऊवर धरणं झाली, लुआंग प्रबांगपर्यंतचा जुना सलग जलप्रवास संपला. मुआंग खुआला एक रात्र राहा, झुलत्या पुलावर फिरून या, दुसऱ्या दिवशी बसने उदोमसाय. शंभरेक किलोमीटर, घाटच आहे पण दिवसाउजेडी. तिथल्या मुआंग साय स्टेशनवरून डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली रेल्वे पकडा. तासाभराच्या आत लुआंग प्रबांग. खिडकीतून बोगदेच बोगदे, आईंना काही लागणार नाही. सामान तपासतात, सुरी आणि स्प्रेचे डबे काढून घेतात. बाबांच्या गुडघ्याचा स्प्रे असेल तर त्याऐवजी मलम न्या.

धागाकर्ती:
ठरलं मग. हनोई-दिएन बिएन विमान, तिथे दोन रात्री, सीमा बसने, मुआंग खुआला मुक्काम, पुढे बस आणि ट्रेन. आवळा सुपारीचे दोन डबे आणलेत. सीटवरून मात्र भांडण सुरू झालंय: ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट आईला हवी आणि बाबांनाही.