'डूलॅली' देवळालीचंच, पण त्यातला ताप कुणाचा?

नाशिकरोडवासी:
ब्रिटिश इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. हे विशेषण आलं आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. मूळ रूप 'डूलॅली टॅप'. मुदत संपलेले गोरे सोजीर मायदेशी जायला तिथल्या छावणीत येत, पण त्यांना नेणारी जहाजं मुंबईहून हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. मोसम हुकला की महिनोन्‌महिने मुक्काम. काम नाही, कवायत नाही, वर उन्हाळा. डोकी फिरणारच! आणि 'टॅप' म्हणजे सरळसरळ मराठी 'ताप'. शब्द मराठीने दिला, हे ठणकावून सांगायला हवं.

बाराखडी:
असहमत. गावाचं नाव मराठी, मान्य. पण पलटणीत चालायची हिंदुस्तानी, आणि तिच्यात फारसीकडून आलेला ऱ्हस्व 'तप' आहे. अर्थ तोच. संस्कृत 'ताप' आणि तो मुळात एकाच घराण्यातले, म्हणून तुम्हाला ओळखीचा वाटतो.

नाशिकरोडवासी:
छावणीतले धोबी, भिस्ती, हमाल काय फारसी बोलत होते?

बाराखडी:
नसतील. पण टॉमी, म्हणजे गोरा सोजीर, देवळालीला नोकरीच्या शेवटी यायचा, मीरत-रावळपिंडीकडे वर्षं काढून. एवढ्यात शिकायचं ते हिंदुस्तानी शिकून झालेलं असे. भगूरच्या धोब्याकडून नवा शब्द कशाला घेईल?

खवचट:
तापावरून भांडताय, पण कंटाळ्याने वेड लागल्याची गोष्ट दोघांनीही मुकाट्याने गिळलीत. ती सगळे सांगतात फ्रँक रिचर्ड्स या सैनिकाच्या 'ओल्ड सोल्जर साहिब'च्या आधारे. पुस्तक 1936 चं, माणसाची हिंदुस्थानातली नोकरी पहिल्या महायुद्धाआधीची. इतक्या वर्षांनी सांगितलेली बराकीतली कहाणी ती! शब्दातच ताप आहे ना? हिवताप डोक्यात गेला की माणूस बरळतो. संपलं.

बाराखडी:
संपलं कसं? हिवताप तर कित्येक छावण्यांत होता. मग मीरतचा ताप का नाही झाला? देवळालीत वेगळं काय होतं, तर बोटीची वाट पाहणं. रिचर्ड्स तिखटमीठ लावत असेल, पण गावाचं नाव का चिकटलं याचं उत्तर त्याच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही.

खवचट:
बरं, जागेपुरतं मान्य. वेडाचे किस्से मात्र ऐकीव.

नाशिकरोडवासी:
जागा मान्य केलीत, आभार. तापावरचा दावा मी सोडत नाही.

खवचट:
खुशाल ठेवा. इंग्रजांनी तो केव्हाच सोडलाय. हल्ली नुसतं 'डूलॅली' म्हणतात, टॅप गाळून.